निर्वासितांची मानसचिकित्सा

युद्ध, छळ वा राजकीय उलथापालथ यांमुळे मायदेश सोडावा लागलेल्या व्यक्तींच्या मनोविकारांचे, त्यांची भाषा, श्रद्धा व आजाराविषयीच्या कल्पना विचारात घेऊन केलेले निदान व उपचार. स्थलांतर व मनोविकार यांच्या संबंधांचा एक पायाभूत अभ्यास नॉर्वेचे मानसचिकित्सक ओडेगॉर यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांत छिन्नमानसाचे प्रमाण त्यांना मायदेशातील लोकांपेक्षा अधिक आढळले. विकारप्रवण व्यक्तीच अधिक देशांतर करतात, असे त्यांचे मत होते. जिवाच्या भीतीने पळालेल्यांना मात्र हे मत लागू पडत नाही.

कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीत (१९७५–७९) उपासमार, वेठबिगार, रोगराई व कत्तली यांमुळे सु. १५ ते २० लाख लोक मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांपैकी पुष्कळांना थायलंडमधील छावण्यांतून अमेरिकेत वसविण्यात आले. निद्रानाश, डोकेदुखी, धडधड अशा शारीरिक तक्रारी घेऊन ते दवाखान्यांत येत. भूतकाळाविषयी बोलणे टाळत. ऑरेगन राज्यातील डेव्हिड किंझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यात दुःस्वप्ने, दचकणे, भावनिक बधिरता ही आघातोत्तर तणाव विकृतीची लक्षणे आढळली.

रुग्णांची स्वतःची उपपत्ती मात्र निराळी होती. ख्मेर समजुतीनुसार शरीरातील ‘ख्यल’ म्हणजे वायू वर चढला, की मानेच्या शिरा फुटून मृत्यू ओढवतो. त्यावर नाण्याने त्वचा घासण्याचा उपाय करतात. आग्नेय आशियाई मुलांच्या अंगावरील असे वळ पाश्चात्त्य डॉक्टरांनी मारहाणीच्या खुणा मानल्याचीही उदाहरणे आहेत. घरातील मुलालाच दुभाषी केल्यास त्याच्यादेखत आईबापांना आपली कहाणी सांगता येत नाही, ही आणखी एक अडचण होय.

रिचर्ड मॉलिका व जेम्स लॅव्हेल यांनी १९८१ मध्ये बॉस्टन येथे स्थापन केलेल्या चिकित्सालयात निर्वासितांच्याच समाजातील कार्यकर्त्यांना उपचारांत सहभागी करून घेण्यात आले. ख्मेर, लाओ व व्हिएतनामी भाषांतील आघातविषयक प्रश्नावली १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) ‘ख्यल’चे झटके नमूद असून, रुग्ण स्वतःच्या आजाराला काय म्हणतो व त्याचे कारण काय मानतो, हे विचारणारी १६ प्रश्नांची मुलाखतही तीत आहे.

कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील कंबोडियन प्रौढ निर्वासितांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६२ टक्के व्यक्तींत आघातोत्तर तणाव विकृती आढळली. सुरक्षित देशात येऊन सु. दोन दशके लोटल्यानंतरची ही स्थिती होती. केवळ आश्रय मिळाल्याने आघात ओसरत नाही, हे यावरून दिसून येते.