लहान इंजिन आणि मोठा कॅम

लहान मोटारीचें इंजिन अधिक बलवान करावयाचें झालें, म्हणजे हौशी यंत्रज्ञाची दृष्टि प्रथम कॅमशाफ्टकडे वळते. इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाचें नियमन हा दांडा करतो. झडप केव्हां उघडावी व किती काळ उघडी राहावी, हें त्यावरील उंचवट्यांच्या आकारानें ठरतें. हा काळ वाढविला तर भरधाव वेगांत इंजिनाला अधिक मिश्रण मिळतें. परंतु मंद गतींत तेंच मिश्रण मागें ढकललें जातें व इंजिन अडखळूं लागतें. तेव्हां निवड कशी करावी? इंग्लंडमधील मिनी गाडीचा इतिहास या बाबतींत फार बोलका आहे.

१९५९ सालीं निघालेल्या मिनीचें इंजिन ८४८ घन सेंटिमीटरांचें व ३४ अश्वशक्तीचें होतें. मिश्रण आंत घेणारी तिची झडप क्रँकच्या २३० अंशांपर्यंत उघडी राही. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या सहकार्यानें १९६१ सालीं मिनी कूपर तयार झाली. तिचें इंजिन ९९७ घन सेंटिमीटरांचें, कार्ब्युरेटर दोन, आणि झडपेचा काळ २५२ अंश. शक्ति ५५ अश्वशक्तीपर्यंत चढली. मात्र त्यासाठीं मिनिटाला ६००० फेरे घ्यावे लागत.

अडचण इंजिनाच्या घडणींतच होती. सिलिंडर चार, पण मिश्रण येण्याच्या वाटा दोनच. शेजारच्या दोन सिलिंडरांत एक. एकाची झडप मिटण्यापूर्वींच शेजाऱ्याची उघडली, कीं एकाचा वाटा दुसरा ओढूं लागे. २३० अंशांच्या कॅमनें ही ओढाताण ५० अंश चाले, २५२ अंशांच्या कॅमनें ती ७२ अंशांवर गेली.

१९६४ सालीं कारखान्यानें ९९८ घन सेंटिमीटरांचें नवें इंजिन दिलें. सिलिंडर रुंद झाले, दट्ट्याची धाव ८१.२८ वरून ७६.२ मिलिमीटरांवर आली, आणि त्या झडपेचा काळ पुन्हां २३० अंशांवर आणला गेला. शक्ति ५५ च राहिली, पण ती ५८०० फेऱ्यांवर मिळूं लागली. कमाल ओढ ५४ वरून ५७ फूट-पौंड झाली, व तीही ३६०० ऐवजीं ३००० फेऱ्यांवर. या लाभाचें सारें श्रेय कॅमलाच देतां येणार नाहीं; तथापि सौम्य कॅमनें गाडी दुबळी झाली नाहीं, हें उघड आहे.

शर्यतीच्या मैदानांत वरच्या फेऱ्यांवरच धांवणाऱ्या गाडीस दीर्घ काळाचा कॅम शोभतो. चौकाचौकांत थांबणाऱ्या व चढावर ओझें ओढणाऱ्या गाडीची गरज निराळी असते. इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालणार, हें आधीं ठरवावें. कॅम त्यानंतर निवडावा.