गॅरेजमध्ये गाडीचं काम बिघडवलं तर काय करायचं? पैसे परत कसे मागायचे, तक्रार कुठे करायची?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत शिफ्ट बदलायच्या वेळी गेटसमोर उभं राहिलं की दुचाकींची रांग दिसते. चिकलठाणा, कुंभेफळ, करमाड आणि पुढे जालना जिल्ह्यातल्या बदनापूरकडूनही कामगार जालना रोडने येतात. कंपनीची बस प्रत्येकाला नसते. कंत्राटी कामगाराची गाडी बंद पडली की त्याचा थेट खाडा पडतो.

अशी गाडी सर्व्हिसिंगला टाकली, पैसे मोजले आणि दुसऱ्याच दिवशी इंजिनखाली ऑईलचा डाग दिसला. किंवा ब्रेक शू बदलले आणि ब्रेकच लागेना. परत गेल्यावर उत्तर मिळतं, "गाडी जुनी आहे, आमचा काय दोष?" वाद सुरू होतो आणि बहुतेक जण चार शब्द बोलून दुसऱ्या गॅरेजचा रस्ता धरतात.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. वाहन उद्योगावर उभ्या असलेल्या या भागात कुशल हातांची कमी नाही. पण खराब दुरुस्तीचे पैसे परत मिळवायचे असतील, तर कोणाचं म्हणणं खरं हे कागदावर दाखवावं लागतं. कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. अडचण येते ती पुराव्याची, आणि हा पुरावा पहिल्या एकदोन दिवसांतच हातातून निसटतो.

हलगर्जीपणा कशाला म्हणायचं?

दुरुस्तीनंतरचा प्रत्येक बिघाड मेकॅनिकच्या माथी मारता येत नाही. आधी तीन गोष्टी वेगळ्या करा.

- काम चुकलं: नट आवळला नाही, किंवा इतका आवळला की आटे गेले. चुकीचं ऑईल टाकलं. पार्ट उलटा बसवला. ही जबाबदारी गॅरेजची.
- पार्ट खराब निघाला: काम नीट होतं, पण बसवलेली वस्तूच सदोष किंवा बनावट होती. पार्ट गॅरेजनेच विकला असेल तर जाब त्यालाच विचारायचा. पार्ट तुम्ही आणून दिला असेल तर दुकानदाराला.
- जुनं दुखणं: क्लच प्लेट आधीच झिजलेली होती, तुम्ही फक्त ऑईल बदलायला सांगितलं आणि आठवड्याने क्लच गेला. इथे गॅरेजला दोष देणं अवघड आहे.

ऑईलचं उदाहरण समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींमध्ये क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. त्यासाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-टू' लिहिलेलं ऑईल लागतं. कारचं ऑईल टाकलं तर क्लच घसरू शकतो. इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी पळत नाही. त्यामुळे बिलावर नुसतं "ऑईल" न लिहिता त्याचा ब्रँड आणि ग्रेड लिहिलेला असावा.

गाडी ताब्यात घेताना काय बघायचं?

गॅरेजमधून निघण्याआधीची दहा मिनिटं पुढचे बरेच वाद वाचवतात.

- गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. ते घासत किंवा डुगडुगत नाही ना, बघा.
- चेनला खालच्या बाजूने बोटाने वरखाली करा. अनेक कम्युटर गाड्यांमध्ये साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील अपेक्षित असते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो.
- चेनला जोडकडी असेल तर तिच्या लॉकचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं. उलटं बसवलं तर लॉक निघून चेन सुटण्याचा धोका असतो.
- मागचा ब्रेक उघडला असेल तर ब्रेकच्या दांड्याचा नट आणि जिथे स्प्लिट पिन असते तिथे पिन बसवली आहे ना, हे डोळ्यांनी बघा.
- इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून ऑईलच्या बोल्टखाली कोरडं आहे का, ते तपासा.
- शेजारच्या मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून दोन्ही ब्रेक मारून बघा. जालना रोडला लागल्यावर ही चाचणी करू नका.
- बदललेले जुने पार्ट मागून घ्या. पार्ट खरंच बदलला का, हे त्यावरूनच कळतं.

बिल नसेल तर?

"बिल हवं असेल तर जीएसटी लागेल," हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते पूर्ण खरं नाही. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या छोट्या सेवा व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. असा गॅरेजवाला जीएसटी लावू शकत नाही, पण साधं बिल नक्की देऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तर ठरलेल्या पद्धतीने बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे.

बिलावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटरचं रीडिंग, केलेलं काम, पार्टची नावं आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्ड तयार होतं, त्याची प्रत मागा.

बिल मिळालंच नाही तरी सगळं संपलं असं नाही. यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, व्हॉट्सॲपवरची बोलणी, "गाडी तयार आहे, घेऊन जा" असा मेसेज हेही पुरावे म्हणून मांडता येतात. रोख देण्याऐवजी फोनवरून पैसे द्या, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

चूक लक्षात आली. आता पहिल्यांदा काय करायचं?

इथेच सगळ्यात मोठी अडचण येते. सकाळी सातची शिफ्ट असते, म्हणून माणूस घाईने जवळच्या दुसऱ्या मेकॅनिककडे जातो आणि गाडी दुरुस्त करून घेतो. पण दुसऱ्याने नट उघडला की पहिल्याने काय केलं होतं, हे दाखवायला काही उरत नाही. पहिला गॅरेजवाला सहज म्हणू शकतो, "आम्ही नीट दिली होती, त्यानेच बिघडवली."

गाडी महिनाभर पुराव्यासाठी उभी ठेवणं कोणालाच परवडत नाही. म्हणून हा क्रम पाळा:

१. ब्रेक, चाक, चेन किंवा स्टिअरिंगचा प्रश्न असेल तर गाडी चालवू नका. ढकलत किंवा टेम्पोत टाकून न्या आणि त्या भाड्याची पावती ठेवा.

२. काहीही उघडण्याआधी व्हिडिओ काढा. त्यात नंबर प्लेट, किलोमीटरचं रीडिंग आणि बिघाड सलग दिसला पाहिजे. दुरुस्तीनंतर गाडी फक्त १२ किलोमीटर चालली, हे मीटरच सांगेल.

३. आधी त्याच गॅरेजला कळवा, तेही लेखी. व्हॉट्सॲप मेसेज चालेल. चूक सुधारायची एक संधी त्याला द्या. अनेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण चांगल्या गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

४. त्याने टाळाटाळ केली आणि तुम्हाला थांबणं शक्य नसेल, तर दुसऱ्या मेकॅनिककडे जा. शक्य झालं तर कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये. पण उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि काय सापडलं ते त्याच्या बिलावर लिहून घ्या. "ऑईल बोल्टचे आटे गेलेले आढळले" एवढी एक ओळही खूप कामाची असते.

५. काढलेला पार्ट पिशवीत घालून, तारीख लिहून घरी ठेवा. भंगारात देऊ नका.

पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही, असं म्हणाला तर?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याने वस्तूवर कष्ट किंवा कौशल्याचं काम केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. मात्र काम करारानुसार झालेलं असावं लागतं आणि वेगळा करार झालेला नसावा. त्यामुळे गॅरेजमध्ये ओढाताण करून उपयोग नाही. गाडी तातडीने हवी असेल तर पैसे द्या, पण बिलावर किंवा मेसेजमध्ये "काम मान्य नाही, हरकत नोंदवून पैसे दिले" असं लिहा.

त्याच कायद्याचं कलम १५१ गॅरेजवाल्यालाही बांधतं. ताब्यात असलेल्या वस्तूची काळजी त्याने सामान्य शहाण्या माणसासारखी घ्यायला हवी. तुमच्या गाडीवर पोरगा चहा आणायला गेला आणि धडकला, तर "आमची जबाबदारी नाही" हा भिंतीवरचा फलक त्याला वाचवेलच असं नाही.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी लेखी नोटीस द्या. वकील लागत नाही. स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. मजकूर असा ठेवता येईल:

"मी दि. ___ रोजी दुचाकी क्र. ___ आपल्याकडे ___ या कामासाठी दिली व रु. ___ अदा केले. दि. ___ रोजी, गाडी ___ किमी चालल्यावर ___ हा बिघाड आढळला. फोटो व दुसऱ्या मेकॅनिकचा अभिप्राय सोबत जोडला आहे. १५ दिवसांत काम विनामूल्य दुरुस्त करून द्यावे किंवा रु. ___ परत करावेत. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल."

उत्तर आलं नाही तर दोन मार्ग आहेत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५: इथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार समोरच्याकडे पोहोचवून तोडगा काढायचा प्रयत्न करते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरबाबत याचा जास्त उपयोग होतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजबाबत फार अपेक्षा ठेवू नका.

जिल्हा ग्राहक आयोग: खराब सेवा ही कायद्याच्या भाषेत 'सेवेतील त्रुटी'. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तुम्ही जिथे राहता किंवा जिथे काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. म्हणजे बदनापूरला राहून शेंद्र्यात काम करणाऱ्याला जालना किंवा छत्रपती संभाजीनगर, दोन्ही पर्याय आहेत. 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइनही तक्रार करता येते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

गाडी वडिलांच्या नावावर असली तरी त्यांच्या संमतीने ती वापरणारा मुलगा ग्राहक ठरू शकतो. पोटापाण्यासाठी स्वतः डिलिव्हरी करणाऱ्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. मित्राने फुकटात काम करून दिलं असेल तर मात्र हा कायदा लागू होत नाही. नव्या गाडीची 'फ्री सर्व्हिस' ही वेगळी गोष्ट. ती गाडीच्या खरेदीसोबतच मिळालेली असते.

किती मिळू शकतं?

आयोग काम पुन्हा करून द्यायला, पैसे परत द्यायला, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च द्यायला सांगू शकतो. खाड्याचे पैसे मागायचे असतील तर त्या महिन्याचं पगारपत्रक किंवा हजेरीचा कागद जोडा. नुसतं "नुकसान झालं" म्हणून भागत नाही.

मागणी वाजवी ठेवा. एका पार्टच्या दोषासाठी नवी गाडी मागणारे बहुधा निराश होतात. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं ठरलेलं असताना पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश मान्य केला नव्हता.

कायद्यानुसार निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा. आदेश पाळला नाही तर किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद कलम ७२ मध्ये आहे.

मग तीनशे रुपयांसाठी एवढं करायचं का?

प्रत्येक वेळी आयोगात जायची गरज नाही. मजुरी किरकोळ असेल आणि गॅरेजवाला काम सुधारून देत असेल, तर तेच सोयीचं. पण ब्रेक किंवा चाकासारख्या कामात केलेली हयगय जिवावर बेतू शकते, आणि तिथे बिलाची रक्कम किती हा प्रश्नच गौण आहे. पुढे तक्रार करायची की नाही, ते नंतर ठरवता येईल. व्हिडिओ, बिल आणि काढलेला पार्ट मात्र त्याच दिवशी जपून ठेवा.