पुसलेली राणी

आमच्या घोडेगावहून नगर जेमतेम तासाभराचं. तिथला भुईकोट किल्ला सगळ्यांनी बघितलेला असतो. निझामशाहीची चित्रं मात्र फारशी कुणाला माहीत नसतात.

रंग म्हणजे राजकारण, हे त्या दरबाराला पक्कं ठाऊक होतं. १५३७ च्या सुमारास बुऱ्हाण निझामशहाने शिया पंथ स्वीकारला आणि पांढरी राजछत्री हिरवी केली, असं फरिश्ता लिहितो. छत्री बघूनच कळावं, वारं कुठल्या दिशेला आहे ते!

बुऱ्हाणचा मुलगा हुसेन, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतल्या विजेत्यांपैकी एक. त्याच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-ए-हुसेनशाही' रचलं. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत आकाशाला चक्क सोनेरी रंग आणि राजाच्या बरोबरीने राणी खुंझा हुमायून बसलेली! त्या काळच्या दरबारी चित्रांत राणीला असा मान क्वचितच मिळालाय.

त्याच वर्षी हुसेन वारला. राणीने मुलाच्या, मुर्तजाच्या, नावाने कारभार केला. १५६९ च्या सुमारास त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. आज बऱ्याच चित्रांत राजा झगमगतो, पण शेजारची राणी पुसलेली किंवा रंगाखाली झाकलेली. अभ्यासक याचा संबंध तिच्या पाडावाशी जोडतात.

गंमत म्हणजे, 'डिलीट' काही नीट झालं नाही. आपली नजर आधी जाते ती त्या डागाकडेच. राजा काय, नंतर दिसतो.