४ नोव्हेंबर : एलिझाबेथ द क्लेअर
१३६० साली आजच्या दिवशी इंग्लंडातील सरदारकन्या एलिझाबेथ द क्लेअर हिचे देहावसान झाले. तेराव्या वर्षी जॉन द बर्गशी विवाहबद्ध झालेली, १३१४ च्या बॅनकबर्नच्या रणसंग्रामात सख्खा भाऊ पडल्यामुळे अफाट जहागिरीच्या तिसऱ्या हिश्शाची वारसदार ठरलेली, आणि त्याच वतनाच्या लोभाने थिओबाल्ड द व्हर्डनने ब्रिस्टलच्या किल्ल्यातून पळवून नेऊन वरलेली ही स्त्री, तिसरा पती रॉजर डॅमोरी राजाविरुद्धच्या बंडात कामी आला तेव्हा अवघी सव्वीस वर्षांची होती. पुनर्विवाह न करता तिने जहागिरीचा कारभार अखेरपर्यंत स्वतः पाहिला. तिच्या घरखर्चाचे बारीकसारीक हिशेब आजही शाबूत आहेत. तिचे खरे थोरपण मात्र केंब्रिजमध्ये दिसते : डबघाईस आलेले तेथील विद्यालय तिने उदार देणगी देऊन सावरले, आणि पुढे क्लेअर कॉलेज म्हणून नावारूपास आलेल्या या संस्थेसाठी १३५९ साली घालून दिलेल्या नियमांत दहा गरीब मुलांच्या शिक्षणाची तरतूद केली.