मागून ‘खट्’ आवाज येतोय? डिफरन्शियल उघडण्याआधी हे तपासा

क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताच गाडीच्या मागून ‘खट्’ असा आवाज येतो. बोलेरो, ईकोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये ही तक्रार नेहमीची. अनेकदा संशय थेट डिफरन्शियलवर जातो आणि मोठा खर्च निघतो. पण खरा दोष दुसरीकडेही असू शकतो.

थोडा ‘प्ले’ हवाच

इंजिनची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून पिनियनला, तिथून क्राउन व्हीलला आणि मग चाकांना मिळते. गिअरच्या दातांमध्ये थोडी फट लागतेच, नाहीतर दात तापून खराब होतात. कारमध्ये क्राउन-पिनियनमधली ही फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. शिवाय डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ असेल, तर चाकाकडचा १ अंशाचा प्ले शाफ्टवर ४ अंश दिसतो. म्हणून शाफ्ट हाताने थोडा फिरला की लगेच घाबरू नये.

कसं तपासायचं?

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. गाडी उचलली असेल तर स्टँड हवेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. आता शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना फिरवा.

• शाफ्ट हलतो, पण पिनियनची फ्लँज स्थिर आहे: क्रॉस झिजला आहे. हे काम तुलनेने स्वस्त.
• शाफ्टसोबत फ्लँजही बरीच फिरते: प्ले डिफरन्शियलच्या आत किंवा एक्सलच्या खाचांमध्ये आहे.
• फ्लँज वर-खाली हलते: पिनियनचं बेअरिंग सैल आहे. असा प्ले अजिबात चालत नाही. गाडी चालवणं थांबवा.

आवाज आणि ऑइल

अॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना बदलणारा ‘हूं’ आवाज क्राउन-पिनियनकडे बोट दाखवतो. फक्त वळणावर आवाज येत असेल, तर आतले छोटे गिअर तपासावे लागतात. ऑइल काढल्यावर ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा दिसला तर चिंता नाही. धातूचे तुकडे दिसले तर डिफरन्शियल उघडावंच लागेल.

अंतिम निर्णय डायल गेजच्या मापावर घ्यावा. क्राउन व्हीलवर तीन-चार ठिकाणी मोजून ते माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी जुळवायचं. मेकॅनिकने डिफरन्शियल बदलायला सांगितलं, तर आधी विचारा: ‘क्रॉस पाहिला का? माप किती आलं?’