जलजीवालयातील माशांचे परजीवी रोग व उपचार
जलजीवालयातील माशांचे परजीवी रोग व उपचार : घरगुती वा सार्वजनिक जलजीवालयात ठेवलेल्या माशांची त्वचा, पर, कल्ले किंवा आतडे यांत राहून त्यांच्यावर उपजीविका करणाऱ्या जीवांमुळे हे रोग होतात. आदिजीव (एका कोशिकेचे बनलेले सूक्ष्म प्राणी), चपटे कृमी, गोल कृमी व कवचधारी प्राणी हे या परजीवींचे मुख्य गट होत. नदीत किंवा तळ्यात हे परजीवी असतातच. परंतु तेथे पाणी अफाट व मासे विखुरलेले असल्याने परजीवीच्या बहुसंख्य पिलांना आश्रय देणारा मासा सापडत नाही व ती मरून जातात. काचेच्या टाकीत हा नैसर्गिक अटकाव राहत नाही. थोड्या पाण्यात जवळजवळ प्रत्येक पिलाला मासा सापडतो आणि एरवी सौम्य असलेली बाधा काही दिवसांत प्राणघातक होते. या अर्थाने हे रोग जलजीवालयानेच वाढविलेले आहेत. त्यांवरील उपचारांच्या दीड शतकाच्या इतिहासाचे सार असे की, कोणते औषध द्यावे यापेक्षा ते केव्हा द्यावे व कोणत्या पाण्यात द्यावे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरले.

इतिहास : माशांच्या निरीक्षणाची आवड दख्खनला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य व गळाने मासे पकडण्याची रीत वर्णिलेली आहे. तथापि काचेच्या टाकीत मासे दीर्घकाळ जिवंत ठेवण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकातील आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास वनस्पती व मासे एकत्र ठेवून पाणी शुद्ध राखता येते, हे प्रयोगाने दाखविले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथामुळे हा छंद घरोघरी पोहोचला. टाकीचा समतोल साधला की मासे निरोगी राहतात, अशी त्या काळची समजूत होती.

या समजुतीला परजीवींच्या अभ्यासाने तडा गेला. फ्रान्समध्ये फूके यांनी १८७६ मध्ये माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठविणाऱ्या पक्ष्माभिकायुक्त (सूक्ष्म केसांसारख्या वाढी असलेल्या) आदिजीवाचे वर्णन केले. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हे त्याचे नाव असून त्याचा अर्थ ‘अनेक पिले असलेली माशांची ऊ’ असा होतो. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली, त्या १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील जलजीवालयातही हा रोग उद्भवला व अमेरिकन परजीवीशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइल्स यांनी त्याचा अहवाल लिहिला. म्यूनिक येथील ब्रूनो होफर यांनी १९०४ मध्ये मत्स्यरोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या विषयाला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले.

ठिपक्यांच्या रोगाचे जीवनचक्र : या रोगावरील उपचार समजण्यासाठी परजीवीचे जीवनचक्र लक्षात घ्यावे लागते. डोळ्यांना दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या बाह्यत्वचेखाली वाढणारा परजीवी होय. सु. २५° से. तापमानात तो आठवड्याभरात पूर्ण वाढतो, माशाला सोडून टाकीच्या तळाशी जातो व स्वतःभोवती आवरण तयार करतो. त्या आवरणात सु. एक दिवसात त्याचे शेकडो, क्वचित हजारापर्यंत विभाग होतात. त्यांतून बाहेर पडलेली पोहणारी पिले एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. त्वचेखालील परजीवी व तळावरील आवरणयुक्त अवस्था यांपर्यंत पाण्यातील औषध सहसा पोहोचत नाही. केवळ पोहणारी पिलेच त्याला बळी पडतात. यामुळेच एकदा औषध घालून ठिपके नाहीसे झाले, म्हणजे मासे बरे झाले, असे मानणे चुकीचे ठरते. परजीवी त्या वेळी तळाशी असतात व काही दिवसांनी पूर्वीपेक्षा अधिक संख्येने परततात. पूर्वीच्या अनेक पाळकांनी औषधाला दोष दिला आणि मात्रा वाढविली. त्यात परजीवींऐवजी मासेच दगावले.

औषधांचा विकास : पहिली परिणामकारक औषधे रंगद्रव्यांच्या कारखान्यांतून आली. मिथिलीन ब्ल्यू १८७६ मध्ये व मॅलॅकाइट ग्रीन १८७७ मध्ये कापड रंगविण्यासाठी तयार झाले. जर्मनीत १८९१ मध्ये मिथिलीन ब्ल्यू माणसाच्या हिवतापावर वापरून पाहण्यात आले. मॅलॅकाइट ग्रीनचा माशांच्या रोगांवर उपयोग १९३० नंतरच्या दशकात सुरू झाला व ते ठिपक्यांच्या रोगावरील प्रमुख औषध बनले. तथापि ते व त्यापासून शरीरात बनणारे रंगहीन संयुग माशाच्या मांसात दीर्घकाळ टिकते व अपायकारक असते, असे आढळल्यावर अनेक देशांनी खाद्य माशांसाठी त्याचा वापर बंद केला. शोभेच्या माशांसाठी ते वापरताना हातमोजे घालणे व पूड श्वासात जाऊ न देणे आवश्यक आहे.

खाऱ्या पाण्यातील जलजीवालयांपुढे निराळे संकट होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सागरी माशांमध्ये साथ पसरविणाऱ्या कशाभिकायुक्त (चाबकासारखी वाढ असलेल्या) आदिजीवाचे वर्णन १९३१ मध्ये ब्राउन यांनी केले. सॅन फ्रॅन्सिस्को येथील स्टाइनहार्ट जलजीवालयाच्या रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी १९५५ मध्ये त्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट) उपयुक्त असल्याचे प्रसिद्ध केले. येथेही तांबे पोहणाऱ्या अवस्थेलाच मारते, माशाला चिकटलेल्या अवस्थेला नव्हे. समुद्राच्या पाण्यात तांब्याचे प्रमाण दर लिटरला ०·१५ ते ०·२० मिग्रॅ. इतके सतत राखावे लागते. ते कमी झाल्यास परजीवी वाचतात, वाढल्यास मासे मरतात. शंख, कोळंबी व प्रवाळ यांना तांबे घातक असल्याने ते असलेल्या टाकीत मोरचूद वापरता येत नाही.

कल्ल्यांवर व त्वचेवर राहणाऱ्या चपट्या कृमींसाठी पूर्वी फॉर्मॅलीन व पोटॅशियम परमँगॅनेट यांची स्नाने देत. १९७० नंतरच्या दशकात जर्मनीत माणसाच्या व जनावरांच्या कृमींसाठी तयार झालेले प्राझिक्वांटेल त्यांपेक्षा सुरक्षित ठरले. या कृमींपैकी डॅक्टिलोगायरस अंडी घालतो व अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही, म्हणून उपचार पुन्हा द्यावा लागतो. उलट गायरोडॅक्टिलस जिवंत पिलाला जन्म देतो व त्या पिलाच्या पोटातही पुढील पिढी वाढत असते. आतड्यातील गोल कृमींसाठी लेव्हॅमिसोल वापरतात.

आर्ग्युलस (माशांची ऊ) व नांगरासारखे डोके मांसात रुतविणारा लर्निया हे कवचधारी परजीवी भारतीय तळ्यांतही आढळतात. त्यांवर १९५० नंतरच्या दशकात गॅमेक्झेन व पुढे ट्रायक्लोरफॉन ही कीटकनाशके वापरात आली. भारतात बेंझीन हेक्झाक्लोराइडावर १९९७ मध्ये व ट्रायक्लोरफॉनवर २०२० अखेर बंदी आली. जुन्या पुस्तकांत ही नावे अद्याप आढळतात. त्यांचे अनुकरण करू नये. थोडे मासे असल्यास चिमट्याने परजीवी काढणे व टाकीतील अंडी घातलेल्या वस्तू वाळविणे हा साधा उपाय पुरेसा होतो.

महाराष्ट्रातील अभ्यास : मुंबईत सेटना व बाना यांनी १९३५ मध्ये बोंबील या माशातील आयमेरिया हार्पोडोनी या परजीवी आदिजीवाचे वर्णन केले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. शोभेचे मासे प्रथम पाहण्याचे हे स्थळ महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे. त्याच्याशी संलग्न सागरी जीवशास्त्रीय केंद्रात माशांचे संशोधनही होत असे. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था मुंबईत १९६१ मध्ये स्थापन झाली. मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९५८) प्राणिशास्त्र विभागात गोड्या पाण्यातील माशांच्या कृमींच्या अभ्यासाची परंपरा निर्माण झाली. जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळ गटातील माशाच्या आतड्यातून सर्कमऑन्कोबोथ्रियम हा पट्टकृमींचा नवा वंश वर्णिला. मराठवाड्यातील माशांचे परजीवी कोणते, हे कळण्यास अशा वर्गीकरणाचा पाया आवश्यक होता.

स्थानिक पाणी व हवामान : औषधांच्या मात्रा बहुतेक परदेशी पुस्तकांतून आल्या, परंतु पाणी सर्वत्र सारखे नसते. मुंबईला पुरवठा होणारे तलावांचे पाणी मृदू (सुफेन) असते. दुधना खोऱ्यातील परतूर तालुक्यात, वाटूरसारख्या गावांच्या परिसरात, विहिरी व कूपनलिका काळ्या बेसाल्ट खडकात खोदलेल्या असतात. त्यांचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांमुळे बहुधा जड (दुष्फेन) असते. जड पाण्यात मोरचुदातील बरेचसे तांबे अविद्राव्य होऊन खाली बसते व औषध निरुपयोगी ठरते. तीच मात्रा मृदू पाण्यात माशांना मारू शकते. मुंबईतील दुकानदाराने सांगितलेली मात्रा जालन्यात लागू पडत नाही, याचे कारण येथे आहे.

हवामानाचाही असाच परिणाम होतो. मराठवाड्यात हिवाळ्याच्या रात्री टाकीचे पाणी एकदम थंड होते, माशांची प्रतिकारशक्ती घटते व पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उद्भवतो. सु. ३०° से. वरील पाण्यात हा परजीवी वाढू शकत नाही, म्हणून उष्ण प्रदेशीय माशांसाठी तापमान हळूहळू वाढवून आठ-दहा दिवस तितके ठेवणे हा औषधाविना उपचार आहे. मात्र ऊन पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि फॉर्मॅलिनाने तो आणखी घटतो. वीज जाऊन हवेचा पंप बंद पडण्याचा संभव असेल तेथे हे दोन उपचार एकत्र करू नयेत. दर लिटरला १ ते ३ ग्रॅ. साधे मीठ हा सर्वांत स्वस्त उपाय असून तो बहुतेक माशांना मानवतो. खवले नसलेले काही मासे मात्र मीठ सहन करीत नाहीत.

गप्पी मासे व सार्वजनिक पाणी : दक्षिण अमेरिकेतील गप्पी मासा महाराष्ट्रात दुहेरी भूमिकेत आढळतो. तो शोभेचा मासा आहे, त्याचप्रमाणे डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभाग तो साचलेल्या पाण्यात सोडतो. घरच्या टाकीतील आजारी वा नकोसे झालेले मासे विहिरीत किंवा ओढ्यात सोडल्यास त्यांचे परजीवी स्थानिक माशांत पसरतात. गप्पीच्या आतड्यातील कॅमॅलॅनस कोटी हा पूर्व आशियातील गोल कृमी शोभेच्या माशांच्या व्यापारातून अनेक देशांत पोहोचला आहे. म्हणून असे मासे उघड्या पाण्यात सोडू नयेत, तसेच पिण्याच्या वा वापराच्या साठवणीतील गप्पींवर पाण्यातच औषध घालू नये. त्यांना वेगळ्या भांड्यात काढून उपचार करावा.

प्रतिबंध : नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळा ठेवणे, प्रत्येक टाकीसाठी वेगळे जाळे वापरणे आणि मोजके मासे पाळणे हे उपाय कोणत्याही औषधापेक्षा परिणामकारक आहेत. ठिपक्यांचा रोग झालेल्या टाकीतून सर्व मासे हलविल्यास २५° से. तापमानात आश्रय न मिळाल्याने परजीवी थोड्याच दिवसांत आपोआप नष्ट होतात. थंड पाण्यात त्यास अधिक काळ लागतो. औषध द्यावेच लागल्यास ते ठरावीक अंतराने, ठिपके गेल्यानंतरही एक जीवनचक्र पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतात व दर वेळी काही पाणी बदलतात. बरे झालेल्या माशांत या परजीवीविरुद्ध काही प्रतिकारक्षमता निर्माण होते. परंतु असा मासा वरून निरोगी दिसत असता थोडे परजीवी बाळगून असू शकतो. त्यामुळे जुन्या टाकीत नवा मासा सोडताना धोका केवळ नव्याकडून जुन्यांना नसतो, तर जुन्यांकडून नव्यालाही असतो.