न्यूमोकोकस औषधाला दाद का देत नाही?

न्यूमोकोकस हा जंतू अनेक निरोगी मुलांच्या नाकात-घशात असतो. सर्दीनंतर तो फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो. त्याच्या बाहेरील आवरणामुळे पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही.

१९८८-८९ मध्ये ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील गावांमध्ये को-ट्रायमोक्झॅझोल देऊन न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी केले. आज न्यूमोकोकस अनेकदा त्या औषधाला दाद देत नाही. गरज नसताना अँटिबायोटिक घेतल्यास साधे जंतू मरतात, चिवट उरतात. त्यांचे जनुक इतर न्यूमोकोकसही उचलतात.

म्हणून उरलेल्या गोळ्या बाळाला देऊ नका. दीड, साडेतीन व नऊ महिन्यांची मोफत पीसीव्ही लस चुकवू नका. श्वास जोरात चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.